एका पत्त्यावर दोघी

३ मार्च, सोमवार

पोचलो एकदाचे! सामान किती, तर तीन खोकी, दोन पिशव्या आणि एक बारकी. बारकी म्हणजे माझी धाकटी बहीण. चोवीस वर्षांची घोडी झाली तरी माझ्या तोंडून तिला दुसरी हाक निघत नाही, आणि खऱ्या नावानं हाक मारली की तिला वाटतं, आपलं काहीतरी चुकलंय. ही चौकोनी रेघांची वही तिनंच आणून दिली. म्हणाली, ताई, तू दिवसभराचं सगळं माझ्या कानात ओततेस, आता अर्धं हिच्यात ओतत जा. जशी काही ही स्वतः फार मितभाषी!

खोल्या दोनच आहेत, पण उजेड मुबलक. खाली चष्म्याचं दुकान आहे आणि चष्मेवालाच आमचा घरमालक. मी खोक्यांच्या दोऱ्या सोडत होते तोवर बाईसाहेब खाली जाऊन त्याच्याशी गप्पा मारून आल्या, त्या नोकरी घेऊनच. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं काम तिला येतं, डाव्या हातानं करते तरी उजव्या हातवाल्यांच्या दुप्पट भरभर करते. येताना जिन्यात शीळ घालत होती. तिच्या शिळेत सूर असा नसतोच, नुसता आनंद असतो. मला मेलीला शीळ कधी जमली नाही. ओठांतून फुसकी हवा निघते आणि बारकी हसून लोळते.

इथे दाराला कुलूप नसतं. चौकटीत एक काळी पट्टी बसवलेली आहे, तिच्यापुढे फोन धरला की ती टिंग करते आणि दार उघडतं. बारकीनं नऊ वेळा दार उघडून बघितलं. दहाव्यांदा मी ओरडले.

आई गेली तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि ही नऊची. तेव्हापासून आम्ही दोघीच. आज पहिल्यांदा वाटलं की आता जरा बरे दिवस येतील. उद्या कामाचा पहिला दिवस.

४ मार्च, मंगळवार

कचेरी दुसऱ्या मजल्यावर आहे. चार टेबलं, दोन खिडक्या, आणि एक साहेब. ते काचेच्या खोलीत बसतात आणि बाहेर आले की पंख्याचा वेग कमी करून परत आत जातात. एवढंच काम करताना आज मी त्यांना पाहिलं.

माझं काम असं आहे. इथल्या प्रत्येक रहिवाशाचं ओळखीचं एक टोकन ब्लॉकचेनवर, म्हणजे कुणालाच खोडता न येणाऱ्या सामायिक नोंदवहीत, नोंदलेलं असतं. दार, दवाखाना, वाचनालय, सगळीकडे तेच चालतं. ते विकता येत नाही, कुणाला वापरायलाही देता येत नाही. एक माणूस, एक टोकन. पण ज्या नेटवर्कवर ही टोकनं आहेत ते आता म्हातारं झालंय, म्हणून ती सगळी नव्या नेटवर्कवर न्यायची. मधे ब्रिज आहे, म्हणजे टोकनं पलीकडे नेणारा प्रोग्राम. जुन्या बाजूला टोकन कायमचं बंद होतं आणि नव्या बाजूला तसंच दुसरं तयार होतं. रस्ता एकेरी आहे. गेलेलं परत येत नाही.

म्हणून इथे एक रीत पाळतात. टोकनचे शंभर भाग पडतात, त्यातला एकच भाग आधी पाठवायचा. तो बरोबर पत्त्यावर पोचला की मग उरलेले नव्व्याण्णव. शेवटी कॅमेरा माणसाचा चेहरा बघतो, हिरवा दिवा लागतो आणि काम संपतं. पत्ता एक, चेहरा एक.

पत्ता म्हणजे नव्या बाजूच्या वॉलेटचा, टोकन ठेवायच्या पाकिटाचा, नंबर; बेचाळीस अक्षरांची गिचमिड. सबंध कोण वाचणार? आपण शेवटची चार अक्षरं मोठ्यानं वाचायची, समोरच्यानं आपल्या फोनवर बघून बरोबर म्हणायचं, की सोडलं.

हे सगळं मला शेजारच्या टेबलावरच्या थर्मासकाकांनी शिकवलं. पन्नाशीचे, झुपकेदार मिशांचे, दारात उभे राहिले तर उजेड अडेल असे. थर्मास कायम काखेत, म्हणून हे नाव. पण गंमत अशी की प्रिंटरमध्ये कागद अडकला की हा पहिलवान चक्क 'अगंबाई' म्हणतो! प्रिंटरला 'मेल्या' म्हणतो. जेवणाच्या सुट्टीत सुया काढून विणत बसतो, आणि तेही न बघता. घरी येऊन बारकीला साभिनय करून दाखवलं. हसून हसून दोघींची पोटं दुखली.

६ मार्च, गुरुवार

काम हातात बसलं. आज अकरा माणसं पार केली.

पहिला भाग जातो आणि बाकीचे जातात, त्याच्यामध्ये चारेक मिनिटं वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात माणसं जराशी चमत्कारिक वागतात. आज एक शिंपी आला होता. पहिला भाग गेल्यावर मी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं की माझ्या कुडत्याची ही गुंडी सैल झालीय, बघाल का. तो गुंडीकडे बघतच राहिला. म्हणाला, ही कशासाठी असते ते आत्ता माझ्या ओठांवर होतं. चाळीस वर्षं शिवणयंत्रावर काढलेला माणूस! नव्व्याण्णव भाग गेले आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. लाजून लाल झाला बिचारा. मग एक निवृत्त मास्तरीणबाई आल्या, त्यांना आपल्या घराच्या दाराचा रंग आठवेना. चार मिनिटांनी आठवला. निळा.

मला मजा वाटली. काकांना सांगितलं तर ते हसले नाहीत. म्हणाले, त्या चार मिनिटांत माणसाकडे बघू नये, पडद्याकडे बघावं.

१० मार्च, सोमवार

नीट क्रमानं लिहिते, म्हणजे चूक कुठे झाली ते सापडेल.

सकाळी मी माझं स्वतःचं टोकन पार केलं. शंभरच्या शंभर. चेहरा झाला, हिरवा दिवा लागला. काही विसरल्यासारखं वाटलं नाही, किंवा वाटलं ते विसरले.

जेवणाच्या सुट्टीत बारकी आली. इतक्या लोकांचं करतेस तर माझंही कर म्हणाली. खुर्चीत गोल फिरत होती. चष्मेवाल्याची नक्कल करत होती, गिऱ्हाईक समोर असताना तो स्वतःचाच चष्मा कसा शोधतो त्याची, कपाळावरचा. मी हसत होते. हसत हसतच पत्ता चिकटवला. शेवटची चार अक्षरं वाचली. तिनं फोनकडे न बघता बरोबर म्हटलं. मी सांगते आहे ना, मग तिच्या लेखी ते बरोबरच असतं.

भाग गेला. पडद्यावर 'पोचला' असं आलं. तिच्या नव्या वॉलेटमध्ये शून्य.

मी माझं उघडलं. एकशे एक.

मी सकाळी नक्कल केलेला माझाच पत्ता चिकटवला होता. माझा!

साहेबांकडे धावले. ते म्हणाले, माणसाचे शंभरच भाग असतात, तेव्हा एकशे एक दिसत असेल तर ती दाखवण्यातली गडबड असणार, उद्यापर्यंत निवळेल. आणि बाहेर येऊन पंखा कमी केला.

बारकीला मी फक्त थोडा उशीर लागणार आहे असं सांगितलं. ती बरं म्हणाली आणि निघाली. जिन्यातून खाली जाईपर्यंत मी कान देऊन होते. तिनं शीळ घातली नाही.

११ मार्च, मंगळवार

सकाळी चहा ठेवताना कुणीतरी शीळ घालत होतं. बेसूर, आनंदी. मी बारकी उठली का म्हणून वळून बघितलं तर ती माझ्याकडे बघत होती. शीळ माझ्या तोंडातून येत होती.

तिनं टाळ्या वाजवल्या. ताईला जमलं म्हणाली. मग स्वतः ओठ गोल केले. नुसती हवा. परत केले. परत हवा. ती गोंधळून हसली आणि म्हणाली की मला कधी येत होती का गं?

दहा वाजता कचेरीत वॉलेट उघडलं. एकशे तीन.

मी काही पाठवलं नव्हतं. कुणीच पाठवलं नव्हतं. तिचे उरलेले नव्व्याण्णव मी योग्य पत्त्यावर पाठवायचा प्रयत्न केला, सात वेळा केला. प्रत्येक वेळी एकच उत्तर येतं: या टोकनचा मार्ग ठरलेला आहे.

संध्याकाळी बारकी म्हणाली, आज दोन काचा उलट्या बसवल्या. कधी होत नाही असं. थकली असशील म्हटलं मी.

१२ मार्च, बुधवार

एकशे सात.

थर्मासकाकांना गच्चीवर गाठलं आणि सरळ हात जोडले. त्यांनी पुष्कळ वेळ थर्मासचं झाकण लावलं, काढलं, लावलं. मग सांगितलं.

ब्रिजला अर्धवट काम चालत नाही. सुरू झालेलं तो पुरं करतोच. माणसानं नव्व्याण्णव लगेच पाठवले नाहीत तर तो रोज सकाळी दहाला आपण होऊन पाठवतो. पहिला एक गेलेलाच असतो, मग दोन, मग चार, आठ, सोळा, बत्तीस, आणि जे उरतील ते. जिथे पहिला भाग गेला तिथेच. बंद कुठून करणार? तो आमच्या कचेरीतल्या डब्यात थोडाच आहे! जगभर हजारो यंत्रांवर तो एकाच वेळी चालू आहे.

मी बोटांवर मोजलं. रविवार. रविवारी सकाळी दहाला माझ्या पत्त्यावर दोनशे होतील.

मग काय होतं, मी विचारलं. ते म्हणाले, मग कॅमेरा पुन्हा चेहरा मागतो. पत्ता एक, चेहरा एक. जो समोर बसेल तो राहतो. कुणीच बसलं नाही तर दोघंही जातात.

तुम्हाला कसं माहीत, हे मला विचारायलाच लागलं नाही. काका विणत होते. न बघता, भराभर. दोन वर्षांपूर्वी, हे सगळं नवीन असताना, त्यांनी बायकोचं टोकन पार करताना नेमकी हीच चूक केली होती. शेवटच्या दिवशी दोघं शेजारी शेजारी बसले होते. आधी ठरवलं होतं की ती बसेल. पण दहा वाजले आणि ते बसले. मी घाबरलो हो बाई, म्हणाले. दुसरं काही नाही, नुसता घाबरलो. शेजारच्या खुर्चीवर शाल राहिली, खाली चपला राहिल्या. शेजाऱ्यांना विचारलं तर म्हणे, तुम्ही तर पहिल्यापासून एकटेच राहता ना?

ती आत आहे, म्हणाले. पण बोलावलं तर ओ देत नाही. नुसते हात विणत असतात.

आम्ही दोघी ज्याला हसलो होतो ते हे.

हे सगळं मी डाव्या हातानं लिहिते आहे. अक्षर छान येतंय.

१३ मार्च, गुरुवार

पळून गेलो तर? पहाटे तिला उठवलं, पिशवी भरली, पहिल्या बसमध्ये बसलो. फिरायला जातोय म्हणून सांगितलं. दोन तास लांब आलो. एका मोठ्या स्थानकावर बाकड्यावर बसून पाव-अंडं खात होतो. ती मला चष्मेवाल्याकडच्या एका म्हातारीची गोष्ट सांगत होती, नवा चष्मा लागल्यावर ती नवऱ्याकडे बघून काय म्हणाली ती. सांगता सांगता थांबली. तोंड उघडंच. स्थानकावरच्या घड्याळात दहा वाजले होते.

मग तिनं अगदी सभ्यपणे मला विचारलं, तुम्ही कुणाची गोष्ट सांगत होता?

तुम्ही.

आठ भाग. म्हातारी काय म्हणाली ते मला माहीत आहे आता. म्हणाली, अय्या, मला वाटत होतं त्यापेक्षा बरे दिसता की! मी ते तिला सांगितलं. ती हसली, आपण पाहुणे म्हणून गेलो असताना हसतो तसं. जरा वेळानं मला पुन्हा ताई म्हणाली. मी रस्त्यातच रडले.

परत आलो. काळी पट्टी माझ्या फोनला दोनदा टिंग करते. तिच्या फोनला काहीच करत नाही. चष्मेवाला दुकानातून ओरडला, काय गं बारके, आज दांडी का मारलीस? माझ्याकडे बघून. मग तिच्याकडे बघून मला विचारलं की या कोण, पाहुण्या का.

१४ मार्च, शुक्रवार

सोळा गेले. एकतीस माझ्याकडे, एकोणसत्तर तिच्याकडे.

आज जे आलं ते लिहायला नको वाटतंय. पण नाही लिहिलं तर उद्या ते कुणाचं होतं हे मला कळणार नाही.

आई गेल्यावर दोन वर्षांनी मी एकदा जिन्यात शेजारणीशी बोलत उभी होते. ते मला माझ्या बाजूनं आठवतं. मी दमलेली होते, एक चांगली नोकरी लांबच्या गावी होती म्हणून सोडली होती, आणि मी म्हणाले होते की ही नसती तर मी कधीच इथून निघून गेले असते. एका दमाचं बोलणं. नंतर विसरून गेले.

आज सकाळी दहाला ते मला दाराच्या आतल्या बाजूनं आठवलं. दाराची फट. माझी पाठ, ताईची पाठ, ओढणीचं टोक. हातात अर्धा पाव. ही नसती तर. मी रडले नाही. मी म्हणजे ती. ती स्वयंपाकघरात गेली, स्टूल ओढलं आणि त्यावर उभी राहून सगळी भांडी घासून ठेवली. कुणाला अडचण होऊ नये म्हणून. त्यानंतर तेरा वर्षं ती मला हसवत आली आहे. प्रत्येक नक्कल, प्रत्येक शीळ, जिन्यातून वर येताना घातलेली. ताईला कळू दे की मी आले, आणि मी आनंदात आहे, आणि माझा काही त्रास नाही.

आणि मला वाटायचं पोरगी स्वभावानंच खुशालचेंडू आहे!

तिला जवळ घेतलं, ते सगळं खोटं होतं म्हणून सांगितलं. तिला कळेना मी कशाबद्दल बोलतेय. तिच्याकडे ते राहिलंच नव्हतं. ज्या गोष्टीची माफी मागायची ती गोष्टही मीच काढून घेतली.

ठरलं. रविवारी कॅमेऱ्यासमोर ती बसेल. मी नाही. यात विचार करण्यासारखं काही नाही. तिचं सगळं या पत्त्यावर आलेलं असेल, ते तिचं तिला मिळेल. माझं आत राहील. ओ द्यायला नाही जमलं तरी चालेल.

१५ मार्च, शनिवार

बत्तीस. त्रेसष्ट माझ्याकडे. तिच्याकडे सदतीस.

साहेब सुट्टीवर. काकांनी उद्या कचेरीचं दार माझ्या फोनवर उघडेल अशी परवानगी दिली. देताना माझ्याकडे बघितलं नाही. मी पाणी आणायला गेले होते तेव्हा बारकी त्यांच्या टेबलाशी उभी होती, हळू आवाजात काहीतरी विचारत. मी आल्यावर ती टेबलापासून बाजूला झाली. काय विचारलंस म्हटलं तर सांगता येईना तिला, किंवा सांगायचं नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी होतं. सुया जमिनीवर पडल्या होत्या.

तिला आता आपलं काम आठवत नाही. घर कोणतं ते आठवत नाही. आई आठवत नाही. आरशात बघून ती बाजूला सरकते, मागच्या माणसाला वाट दिल्यासारखी. पण मी खोलीत आले की उठून उभी राहते. ताई, मी काही करू का, भांडी घासू का. दर वेळी तेच. सदतीस भाग उरलेत आणि सगळ्यांत तेवढंच भरलंय, मी.

ब्रिजनं हे शेवटी का ठेवलं?

माझीही पकड सुटतेय. आज चष्मेवाल्यानं हाक मारली आणि मी खाली जाऊन तीन काचा बसवल्या. घाम फुटला तेव्हा शुद्धीवर आले. माझं काय, तिचं काय — मला आईचा हात आठवतो तो नऊ वर्षांच्या उंचीवरून. एकोणीसच्या उंचीवरचा सापडत नाही. उद्यापर्यंत मला मी पुरले पाहिजे. तिला खुर्चीत बसवण्याइतकी तरी.

१६ मार्च, रविवार

सव्वानऊ. कचेरी. कुणी नाही. पडदा चालू केला. 'चेहऱ्याची प्रतीक्षा', असं आधीच आलंय. दहाला घेईल.

साडेनऊ. तिला खुर्चीत बसवलं. केस सारखे केले. कॅमेरा तिच्याकडे वळवला, त्याची मान पिळून घट्ट केली. ही डोळ्यांची तपासणी आहे म्हणून सांगितलं. त्या गोल काचेकडे बघायचं, हलायचं नाही. तिनं मान डोलावली. शहाणी आहे. होतीच.

पावणेदहा. मी तिच्या मागच्या टेबलाशी, कॅमेऱ्यात येणार नाही अशी. भीती वाटतेय. काकांना हसणार नाही आता कधी. भीती इतकी वाटते? उठून तिथे बसावंसं — नाही. नाही.

नऊ छप्पन्न. तिनं मागे न बघता विचारलं की ताई कुठे बसणार. मी म्हटलं, मागे, तुझ्या अगदी मागे. ती म्हणाली की मग ताईचे डोळे कधी तपासणार. मी म्हटलं नंतर. ती पुन्हा काचेकडे बघायला लागली.

नऊ अठ्ठावन्न. बारके, हे पान तुझ्यासाठी. दहानंतर वाचशील तेव्हा तुला सगळं आठवत असेल, तुझंही आणि माझंही. घाबरू नकोस. घरमालक चांगला माणूस आहे. वेळेवर जेव. तुझे हात काम विसरत नाहीत, त्यांच्यावर सोपव. तुला एक मोठी बहीण होती. तापट होती, दमायची, आणि दमली की तोंडाला येईल ते बोलायची. जिन्यात ती जे बोलली ते तिनं कधीही — तू नसतीस तर ती कुठेच गेली नसती, बारके, ती तिथल्या तिथे —

खुर्ची वाजली.

उठलीय ती. बस म्हटलं. बसत नाही. माझ्याकडे बघतेय, हसतेय, तिला काकांनी — काय सांगितलं तुला त्यांनी — कॅमेऱ्याची मान धरलीय दोन्ही हातांनी. ताई, मी काही करू का, म्हणते. बारके, सोड. नको. वळवू नकोस, माझ्याकडे नको, मी उठतेय, मी बाजूला — धरलंय मला, इतकी ताकद कुठून — काच माझ्यासमोर — दहा — बघ तू, तू बघ त्याच्यात, तू — दिवा हिर